कॅसेट, वर्गणी आणि परवाना

व्हिडीओ गेम विकत घ्यावा की दरमहा वर्गणी भरून गेमांच्या मोठ्या संग्रहाचा लाभ घ्यावा, हा प्रश्न गेल्या आठ-दहा वर्षांतलाच आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मायक्रोसॉफ्टने १ जून २०१७ रोजी ‘एक्सबॉक्स गेम पास’ ही सेवा सुरू केल्यापासून या प्रश्नाची चर्चा वाढली, हे खरे. परंतु या व्यवसायाचा अर्धशतकाचा इतिहास पाहता क्रम उलटाच दिसतो. पैसे मोजून ठरावीक वेळ खेळणे ही या व्यवसायातील मूळ रीत असून, गेम विकत घेऊन घरी ठेवणे हा त्यानंतर आलेला, एका विशिष्ट वस्तूमुळे शक्य झालेला आणि ती वस्तू मागे पडताच क्षीण होत गेलेला व्यवहार आहे. ही वस्तू म्हणजे प्लास्टिकची ती चौकोनी डबी, जिच्यात फीत नसून चिप असे आणि तरीही जिला महाराष्ट्रातील मुले ‘कॅसेट’च म्हणत. या कॅसेटचा इतिहास बाजूला ठेवून खरेदी आणि वर्गणी यांच्या गुणदोषांची तुलना केली, तर ती महिन्याच्या खर्चापुरतीच उरते आणि मालकी या शब्दाचा अर्थ मधल्या काळात किती बदलला, हे नजरेतून निसटते.

नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी १९७२ साली कॅलिफोर्नियात अटारी ही कंपनी स्थापन केली आणि त्याच वर्षी तिचा ‘पाँग’ हा गेम आला. हा गेम उभ्या कपाटासारख्या यंत्रात बसवलेला असे आणि पाव डॉलरचे नाणे टाकल्यावर चालू होई. यंत्र दुकानदाराचे किंवा ते भाड्याने लावणाऱ्याचे असे, खेळणाऱ्याच्या वाट्याला येत ती काही मिनिटे. मुंबई-पुण्यातील व्हिडीओ गेम पार्लरांत पुढे अनेक वर्षे नाण्याच्या वा टोकनच्या रूपाने हाच व्यवहार चालला. घरच्या टीव्हीला जोडायची सुरुवातीची यंत्रेही आपल्याबरोबर ठरलेले मोजके गेम घेऊनच येत, त्यामुळे गेम आणि यंत्र वेगळे करता येत नसत. हे चित्र बदलले ते १९७६ साली, जेरी लॉसन यांच्या नेतृत्वाखालील गटाने तयार केलेल्या फेअरचाइल्ड कंपनीच्या ‘चॅनल एफ’ या यंत्रामुळे. या यंत्राचे गेम ‘रॉम’ या प्रकारच्या चिपवर, म्हणजे ज्यातील मजकूर वाचता येतो पण पुसता किंवा बदलता येत नाही अशा चिपवर नोंदलेले असत आणि ती चिप डबीत घालून यंत्राच्या खाचेत बसवता येई. १९७७ मध्ये अटारीने हेच तंत्र आपल्या घरगुती यंत्रात आणले आणि ते जगभर पसरले. गेम आता दुकानाच्या फळीवर मांडता येऊ लागला, भेट देता येऊ लागला, शेजाऱ्याला उसना देता येऊ लागला.

वस्तू आली की तिच्यामागोमाग वस्तूंविषयीचा जुना कायदाही आला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ साली ‘बॉब्स-मेरिल विरुद्ध स्ट्रॉस’ या खटल्यात एका कादंबरीच्या किमतीचा वाद निकाली काढला होता: प्रकाशकाने पुस्तकावर एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विक्री करू नये अशी सूचना छापली होती आणि न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने ते ८९ सेंटला विकले होते. पुस्तकाची प्रत एकदा विकल्यानंतर ती पुढे कोणी किती किमतीला विकावी, हे ठरवण्याचा अधिकार प्रकाशकाकडे उरत नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. या तत्त्वाला प्रथम विक्रीचा सिद्धान्त म्हणतात. त्याचा मथितार्थ असा की लेखनाचा प्रताधिकार, म्हणजे त्याच्या नव्या प्रती काढण्याचा हक्क, लेखक-प्रकाशकाकडेच राहतो. परंतु विकलेली प्रत विकत घेणाऱ्याची होते. जुन्या पुस्तकांचा बाजार जगभर ज्या समजुतीवर उभा आहे ती हीच आणि गेमच्या कॅसेटलाही ती आपोआप लागू झाली.

गेम तयार करणाऱ्या कंपन्यांना हे कधीच फारसे रुचले नाही. निंटेंडो कंपनीने १९८९ मध्ये ब्लॉकबस्टर या भाड्याने चित्रफिती देणाऱ्या साखळीवर खटला भरला, पण कॅसेट भाड्याने देण्याला अमेरिकी कायद्यात हरकत नसल्यामुळे तिला खटल्यासाठी दुसरे कारण शोधावे लागले: ब्लॉकबस्टर गेमसोबतच्या माहितीपुस्तिकांच्या छायाप्रती काढून देत होती, एवढाच तो आक्षेप होता. पुढच्याच वर्षी अमेरिकी संसदेने संगणक-प्रणाली भाड्याने देण्यावर बंदी घातली, तेव्हाही फक्त गेम खेळण्यासाठी बनवलेल्या यंत्रांच्या कॅसेटना त्यातून वगळण्यात आले. जपानमध्ये याच्या नेमके उलटे घडले. तेथे १९८४ च्या दुरुस्तीने प्रती भाड्याने देण्याचा हक्क प्रताधिकाराच्या धन्याकडे गेला आणि भाड्याच्या दुकानांचा मार्ग बंद झाला. मात्र जुने गेम विकण्याचा व्यवसाय इतका वाढला की कंपन्यांनी तोही थांबवण्यासाठी दावे लावले आणि २००२ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांच्या बाजूने निर्णय दिला. म्हणजे विकलेल्या प्रतीवरील आपला ताबा टिकवण्याची धडपड इंटरनेटच्या आधीपासूनची आहे. वर्गणीच्या सेवांकडे केवळ तंत्रज्ञानाचे फळ म्हणून पाहणाऱ्यांच्या लक्षात ही बाब सहसा येत नाही.

जपानमध्येच मालकी आणि भाडे यांच्या मधला एक प्रयोग झाला आणि तो या इतिहासातील सर्वांत विचारपूर्वक केलेल्या प्रयोगांपैकी एक म्हणावा लागेल. निंटेंडोने फेब्रुवारी १९८६ मध्ये आपल्या ‘फॅमिकॉम’ या यंत्राला जोडण्यासाठी चकती वाचणारे एक उपकरण आणले. चिपवरचा मजकूर कायमचा असे, चकतीवरचा पुसून नवा लिहिता येई. कंपनीने दुकानांतून ‘डिस्क रायटर’ नावाची यंत्रे बसवली. ग्राहकाने आपली जुनी चकती त्यात घालावी, ५०० येन द्यावेत आणि तिच्यावर नवा गेम उतरवून घ्यावा, अशी ती योजना होती. कॅसेटची किंमत याच्या कितीतरी पट असे. चकती ग्राहकाची, तिच्यावर जो गेम असेल तोही ग्राहकाचा, आणि नवा हवा असेल तर जुना सोडावा लागे. दुकानदारांना यात फारसा नफा नव्हता आणि पुढे चिप स्वस्त व मोठ्या क्षमतेच्या झाल्यामुळे चकतीचा मूळ लाभही ओसरला. तरीही चकत्यांवर नवे गेम लिहून देण्याचे काम निंटेंडोने २००३ पर्यंत चालू ठेवले. ज्याच्याकडे पैसे थोडे आणि उत्सुकता जास्त, अशा खेळाडूचा इतका विचार करणारी व्यवस्था या व्यवसायात पुन्हा क्वचितच आली.

वर्गणीचा खरा आरंभ मात्र अमेरिकेत, केबल टीव्हीच्या आश्रयाने झाला. वर्गणी या मराठी शब्दाचे दोन अर्थ येथे वेगळे करून पाहिले पाहिजेत. नियतकालिकाची वर्गणी संपली तरी आलेले अंक वर्गणीदाराच्या घरी राहतात, आणि एकोणिसाव्या शतकात अनेक मराठी ग्रंथ आधी वर्गणीदार मिळवूनच छापले गेले तेव्हाही वर्गणीच्या शेवटी ग्रंथ हाती येत असे. याउलट वाचनालयाची वर्गणी बंद केली की अनामत रक्कम तेवढी परत मिळते, पुस्तक मिळत नाही. गेमांच्या सेवांची वर्गणी ही पहिल्यापासून वाचनालयाच्या जातीची आहे. मॅटेल कंपनीच्या ‘इंटेलिव्हिजन’ या यंत्रासाठी जनरल इन्स्ट्रुमेंट या कंपनीच्या साहाय्याने १९८० च्या सुमारास सुरू झालेली ‘प्लेकेबल’ ही तिची पहिली नमुन्याची सेवा होय. केबलच्या तारेतून टीव्हीच्या कार्यक्रमांसोबत गेमही पाठवले जात आणि घरातील एक जोडयंत्र ते आपल्या तात्पुरत्या स्मृतीत उतरवून घेई. या जोडयंत्राची स्मृती फार लहान होती. गेम मोठे होत गेले तसे ते त्यात मावेनासे झाले आणि १९८३ मध्ये सेवा बंद पडली. त्याच वर्षी विल्यम व्हॉन माइस्टर यांच्या कंपनीने अटारीच्या यंत्रासाठी टेलिफोनच्या तारेवरून गेम उतरवून देणारी ‘गेमलाइन’ ही सेवा काढली, पण अमेरिकेतील गेम-व्यवसाय त्याच सुमारास कोसळल्यामुळे ती फार काळ तगली नाही. तिच्यातील माणसांनी उभारलेल्या पुढच्या कंपनीतून नव्वदच्या दशकातील ‘अमेरिका ऑनलाइन’ ही इंटरनेट-सेवा घडली, एवढाच तिचा वारसा.

डिसेंबर १९९४ मध्ये सुरू झालेली ‘सेगा चॅनल’ ही सेवा अधिक काळजीने पाहण्यासारखी आहे, कारण आजच्या वर्गणी-सेवांचे जवळजवळ सर्व गुण आणि दोष तिच्यात आधीच दिसतात. सेगा ही जपानी कंपनी आणि टीसीआय व टाइम वॉर्नर या दोन मोठ्या अमेरिकी केबल कंपन्या यांचा तो संयुक्त उपक्रम होता. डेन्व्हर शहराजवळून उपग्रहाकडे संकेत पाठवला जाई, तेथून तो गावोगावच्या केबलचालकांकडे येई आणि त्यांच्या तारेतून वर्गणीदाराच्या ‘जेनेसिस’ या यंत्रावर बसवलेल्या जोडयंत्रापर्यंत पोहोचे. संकेत सतत फिरत राही. खेळणाऱ्याने यादीतून गेम निवडला की जोडयंत्र त्या फेऱ्यातून तेवढा गेम उचलून आपल्या ४ मेगाबाइट स्मृतीत ठेवी आणि यंत्र बंद करताच तो नाहीसा होई. यासाठी महिन्याला सुमारे १५ डॉलर आणि सुरुवातीला जोडणीचे शुल्क द्यावे लागे. जेनेसिसची नवी कॅसेट ५० ते ६० डॉलरला मिळत असे, तेव्हा एका कॅसेटच्या किमतीत जवळजवळ चार महिने पन्नासेक गेम खेळता येत. गेम आवडेल की नाही हे विकत घेण्याआधी कळण्याची सोय नसलेल्या मुलांसाठी ही मोठीच गोष्ट होती. शिवाय ‘पल्समन’ आणि ‘एलियन सोल्जर’ यांसारखे जपानी गेम अमेरिकेत कॅसेटच्या रूपाने कधी विकलेच गेले नाहीत, ते फक्त या सेवेतून तिकडे पोहोचले. म्हणजे ज्या गेमवर दुकानदार पैसे लावायला तयार नव्हते त्यांना वर्गणीने वाट करून दिली.

दोषही तितकेच ठळक होते. यादी दर महिन्याला बदले, त्यामुळे अर्धवट खेळलेला गेम पुढच्या महिन्यात सापडेलच असे नसे. केबलच्या तारेत थोडाही खरखराट असेल तर गेम नीट उतरत नसे आणि त्यासाठी केबलचालकांना आपल्या तारा दुरुस्त कराव्या लागल्या. सर्वांत मोठी अडचण म्हणजे सेवेचे आयुष्य ज्या यंत्राला बांधलेले होते ते यंत्रच जुने होत चालले होते. ऐन भरात असताना सेगा चॅनलचे सुमारे अडीच लाख वर्गणीदार होते. पण तोवर सोनीचे ‘प्लेस्टेशन’ आणि सेगाचेच ‘सॅटर्न’ बाजारात आले होते, आणि ३१ जुलै १९९८ रोजी सेवा बंद करण्यात आली. तीन-साडेतीन वर्षांत ज्या घरांनी पाचशे डॉलरहून अधिक वर्गणी भरली होती, त्यांच्याकडे त्या दिवशी एकही गेम उरला नाही. ज्यांनी तेवढ्याच पैशांत आठ-दहा कॅसेट घेतल्या, त्यांच्या त्या कॅसेट आजही खाचेत बसवल्या तर चालतात.

निंटेंडोने एप्रिल १९९५ मध्ये जपानमध्ये आणलेली ‘सॅटेलाव्ह्यू’ ही सेवा या बाबतीत आणखी एक पाऊल पुढे गेली. सेंट गिगा या उपग्रह-नभोवाणी कंपनीच्या प्रक्षेपणातून ती चाले. तिच्यातील काही गेम ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळीच खेळता येत, कारण त्यांचे निवेदन आणि संगीत त्या वेळी थेट प्रक्षेपित होत असे. नाटकाच्या प्रयोगाला हजर राहावे तसे खेळणाऱ्याला यंत्रापुढे हजर राहावे लागे. उरलेले गेम ८ मेगाबिटच्या एका काढता-घालता येणाऱ्या स्मृती-डबीत साठवता येत, पण त्यांपैकी काहींना किती वेळा खेळता येईल याची मर्यादा घातलेली असे. जून २००० मध्ये प्रक्षेपण थांबले आणि थेट आवाजासह चालणारे ते गेम मूळ रूपात पुन्हा खेळण्याची शक्यता संपली.

भारतात, आणि म्हणून महाराष्ट्रातही, हा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. नव्वदच्या दशकात येथील मध्यमवर्गीय घरांत जी यंत्रे आली ती बहुतांशी फॅमिकॉमची पूर्वेकडून आलेली नक्कल होती आणि त्यांच्या कॅसेटवर शेकडो, हजारो गेम असल्याचा दावा छापलेला असे, ज्यांत प्रत्यक्षात मोजकेच गेम निरनिराळ्या नावांनी पुन्हा पुन्हा येत. मूळ निर्मात्याला या विक्रीतून काहीही मिळत नव्हते. तरीही मालकीचे सर्व सामाजिक व्यवहार या कॅसेटांभोवती जमले: त्यांची अदलाबदल होई, सुटीत त्या दिवसाच्या भाड्याने आणल्या जात आणि संपर्काच्या पट्टीवरची धूळ फुंकून त्या पुन्हा बसवल्या जात. पुढे सीडी आल्या, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत त्यांच्या बेकायदा प्रती मिळू लागल्या, त्या चालाव्यात म्हणून ‘प्लेस्टेशन २’ मध्ये ‘चिप बसवून’ घेणे ही नित्याची बाब झाली, आणि ज्यांच्या घरी यंत्र नव्हते त्यांनी सायबर कॅफेत वा गेमिंग पार्लरमध्ये तासाचे पैसे भरले. १९५७ च्या भारतीय प्रताधिकार कायद्यात १९९४ मध्ये दुरुस्ती होऊन संगणक-प्रणाली भाड्याने देण्याचा हक्क तिच्या धन्याकडे गेला होता, पण गल्लीतल्या या व्यवहारावर त्याचा परिणाम झाल्याचे दिसत नाही. परिणामी, येथील मोठ्या समुदायाला कायदेशीर खरेदीची सवय लागण्यापूर्वीच मोबाइलवरचे फुकट गेम आणि त्यांच्यामागोमाग वर्गणी येऊन पोहोचली. ‘ॲपल आर्केड’ ही सेवा २०१९ मध्ये भारतात महिना ९९ रुपयांना मिळू लागली. खऱ्या मालकीचा मधला टप्पा पाश्चात्त्य आणि जपानी खेळाडूंनी जसा अनुभवला तसा तो येथे फार थोड्यांच्या वाट्याला आला, आणि म्हणूनच मालकी हातून जाण्याविषयीची तिकडची कळकळ येथे अनेकांना अतिशयोक्त वाटते.

ती अतिशयोक्त नाही, हे समजण्यासाठी खरेदीचेच रूप कसे बदलले ते पाहावे लागते. व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीने सप्टेंबर २००३ मध्ये ‘स्टीम’ ही संगणकावर गेम उतरवून घेण्याची व्यवस्था सुरू केली आणि पुढच्या वर्षी आलेला ‘हाफ-लाइफ २’ हा गेम दुकानातून डबा विकत आणला तरी स्टीमवर खाते काढल्याशिवाय चालत नसे. खेळाडू जे घेतो ती प्रत नसून ती वापरण्याचा परवाना आहे, म्हणजे कंपनीने घातलेल्या अटींवर दिलेली अनुमती आहे, असे अशा दुकानांच्या करारात लिहिलेले असते. स्टीमचा करार तर प्रत्येक ग्राहकाला वर्गणीदार असेच संबोधतो. परवान्याला प्रथम विक्रीचा सिद्धान्त लागू होत नाही असा कंपन्यांचा पवित्रा आहे, त्यामुळे तो विकता येत नाही, उसना देता येत नाही. फ्रान्समधील एका ग्राहक संघटनेने याविरुद्ध दावा लावला तेव्हा २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने स्टीमवरील गेम पुन्हा विकता आले पाहिजेत असे म्हटले. पण २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निर्णय फिरवला. चकतीवरच्या गेमनाही हाच नियम लावण्याचा प्रयत्न मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये केला होता. ‘एक्सबॉक्स वन’ या यंत्राने दर २४ तासांनी एकदा इंटरनेटवरून पडताळणी करावी आणि जुन्या चकत्यांच्या हस्तांतरावर निर्बंध असावेत, अशी ती योजना होती. ग्राहकांचा रोष इतका तीव्र होता की यंत्र बाजारात येण्यापूर्वीच, जूनमध्ये, कंपनीला ती मागे घ्यावी लागली.

चार वर्षांनी त्याच कंपनीने गेम पास आणला आणि त्याचे मोठे स्वागत झाले. हा विरोधाभास नाही. २०१३ च्या योजनेत खरेदीची पूर्ण किंमत घेऊन मालकीचे हक्क काढून घेतले जात होते, तर २०१७ च्या योजनेत मालकीचा दावाच नव्हता आणि किंमतही त्याला साजेशी होती: महिना ९.९९ डॉलर, शंभराहून अधिक गेम. जानेवारी २०१८ मध्ये कंपनीने आपले स्वतःचे सर्व नवे गेम पहिल्याच दिवसापासून वर्गणीत देण्याचे जाहीर केले आणि २०२२ च्या आरंभी वर्गणीदारांची संख्या अडीच कोटींवर गेली. अपरिचित प्रकारचा गेम वापरून पाहण्याचे स्वातंत्र्य, एका घरातील वेगवेगळ्या वयांच्या मुलांच्या वेगवेगळ्या आवडी एकाच रकमेत भागणे आणि न आवडलेल्या गेमवर पैसे वाया न जाणे, हे या पद्धतीचे लाभ खरे आहेत. सेगा चॅनलच्या काळीही ते खरे होते.

पण वर्गणीचे गणित दर बदलताच बदलते आणि दर ठरवणे खेळाडूच्या हाती नसते. २०१९ मध्ये गेम पासच्या ‘अल्टिमेट’ या वरच्या श्रेणीचा अमेरिकेतील दर १४.९९ डॉलर होता, म्हणजे वर्षाला सुमारे १८० डॉलर. ६० डॉलरचा एक या हिशेबाने तीन नवे गेम विकत घेणाऱ्याचा आणि वर्गणीदाराचा खर्च सारखा येत असे. २०२३ मध्ये हा दर १६.९९, २०२४ मध्ये १९.९९ आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एकदम २९.९९ डॉलर झाला. वर्षाचे ३६० डॉलर म्हणजे ७० डॉलरच्या आजच्या दराने पाच नवे गेम. भारतात त्याच वेळी ही श्रेणी महिना ८२९ रुपयांवरून १,३८९ रुपयांवर गेली, म्हणजे वर्षाला साडेसोळा हजारांहून अधिक. येथे मोठ्या कंपनीचा नवा गेम पाच हजारांच्या आसपास मिळतो हे ध्यानात घेता, वर्षातून दोन-तीन गेम मन लावून खेळणाऱ्याला या दराने वर्गणी परवडत नाही. जुन्या चकत्या विकून नवी घेणाऱ्याला तर ती कधीच परवडत नव्हती, कारण त्याच्या खर्चाचा काही भाग परत येत असे आणि वर्गणीतील एक रुपयाही परत येत नाही.

निर्मात्यांच्या बाजूनेही चित्र एकसारखे नाही. लहान गटाला सेवेकडून आगाऊ मिळणारी ठोक रक्कम गेम पूर्ण करण्याइतकी असू शकते आणि ती विक्रीच्या अनिश्चिततेपासून त्याचे रक्षण करते. परंतु गेम पासमध्ये आलेल्या गेमची स्वतंत्र विक्री पुढच्या वर्षभरात घटते, असे मायक्रोसॉफ्टच्याच अंतर्गत विश्लेषणाच्या आधारे ब्रिटनच्या स्पर्धा-नियामकाने २०२३ मध्ये नमूद केले. ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही कंपनी मायक्रोसॉफ्टने ६८.७ अब्ज डॉलरला घेण्याच्या प्रस्तावाची ती चौकशी होती. एका संग्रहाकडे बहुतेक खेळाडू वळले, तर त्या संग्रहात कोणाला स्थान मिळावे हे ठरवणाऱ्याची सत्ता पूर्वीच्या कोणत्याही दुकानदारापेक्षा मोठी होईल, ही भीती निराधार नाही.

वर्गणी आणि आजची खरेदी यांतील फरक किती पातळ झाला आहे, याची कसोटी युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या ‘द क्रू’ या मोटार-शर्यतीच्या गेमने घेतली. २०१४ च्या डिसेंबरात आलेला हा गेम एकट्याने खेळतानाही कंपनीच्या सर्व्हरशी, म्हणजे तिच्या केंद्रीय संगणकाशी, जोडलेला असावा लागे. ३१ मार्च २०२४ रोजी ते सर्व्हर बंद झाले आणि पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या चकत्याही निरुपयोगी ठरल्या. याच घटनेतून युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ उभी राहिली आणि विकलेला गेम सर्व्हर बंद झाल्यावरही चालण्याजोगा ठेवण्याचे बंधन निर्मात्यांवर असावे, या तिच्या मागणीला जुलै २०२५ पर्यंत युरोपीय संघातील दहा लाखांहून अधिक नागरिकांच्या सह्या मिळाल्या. कॅलिफोर्निया राज्याने त्याआधीच, १ जानेवारी २०२५ पासून, असा कायदा लागू केला की ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल तर ते स्पष्ट सांगितल्याशिवाय विक्रेत्याने ‘खरेदी’ हा शब्द वापरू नये. वर्गणीच्या सेवांना आणि कायमस्वरूपी उतरवून घेता येणाऱ्या मालाला हा कायदा लागू नाही, आणि त्या अपवादातच प्रश्नाची नेमकी मांडणी आहे: वर्गणी आपण काय देतो ते आरंभीच सांगते, उतरवून ठेवता येणारी प्रत खरोखर हाती राहते, आणि फसगत होते ती या दोहोंच्या मध्ये असलेल्या, मुदत न सांगता दिलेल्या भाडेपट्ट्यात. या दृष्टीने पाहता वर्गणीला दोष देणारे अनेकदा चुकीच्या व्यवहाराकडे बोट दाखवतात. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने २००८ मध्ये सुरू केलेल्या ‘जीओजी’ या दुकानातून कुलूप नसलेले, कोणत्याही संगणकावर साठवून ठेवता येणारे गेम विकले जातात, यावरून इंटरनेटवरची विक्री आणि मालकी यांचे मुळात वैर नाही हेही दिसते.

व्यक्तीच्या खर्चापलीकडे आणखी एक हानी आहे आणि इतिहासलेखनाला तिची झळ थेट लागते. अमेरिकेतील ‘व्हिडीओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या गेमांपैकी ८७ टक्के आज बाजारात कोणत्याही अधिकृत मार्गाने मिळत नाहीत. तरीही त्यांपैकी बहुसंख्य गेम अभ्यासता येतात, कारण त्यांच्या कॅसेट आणि चकत्या कोणाच्या तरी माळ्यावर, कपाटात वा जुन्या बाजारात टिकून आहेत. सॅटेलाव्ह्यूचे प्रक्षेपण थांबून पाव शतक लोटले. जपानमधील जुन्या वस्तूंच्या लिलावांतून आजही त्या ८ मेगाबिटच्या स्मृती-डब्या विकायला येतात, आणि संग्राहक त्या विकत घेऊन, आतील मजकूर वाचून, मागच्या मालकाने शेवटी कोणता गेम उतरवून ठेवला होता ते पाहतात. हरवले असे मानलेले काही गेम त्यांना याच डब्यांत सापडले आहेत.